पोस्टमास्तर, पैलवान आणि मालतीबाईंचं दार

पेंटरकडे ब्रश धुवायचा एक डबा असतो. रोज थोडा रंग त्यात उतरतो. वरून टर्पेंटाइन स्वच्छ दिसतं, पण वर्षाने डबा उलटा केलात तर तळाचा बोटभर थर निघतो, सगळ्या रंगांचा. किस्सेही तसेच साठतात. साठताना कळत नाहीत. परवा बागेच्या बाकावर तुम्ही लोकांनी विचारलंत, "आप्पा, सुनेच्या गॅरेजमध्ये दिवसभर करता तरी काय?" तर आता डबा उलटा करतो. निघेल ते निघेल.

आधी माणसं सांगतो. मी सातवी पास. कऱ्हाडात चाळीस वर्षं दुकानांचे बोर्ड रंगवले. किराणा, कापड, सायकल मार्ट, दवाखाने. ज्या शाळेत अक्षर वाईट म्हणून मार खाल्ला, त्या शाळेचा बोर्डसुद्धा पुढे मीच रंगवला. बायको गेली, मग मुलाने मला इथे ऑस्ट्रेलियात, कॅसल हिलला आणलं. तो आयटीत. सकाळी मेट्रोने जातो.

सून मेघना. तीही आयटीत होती. गेल्या वर्षी तिने नोकरी सोडली आणि घराच्या गॅरेजमध्ये डिझाइनचा स्टुडिओ काढला. गाड्या बाहेर उन्हात, कॉम्प्युटर आत हीटरजवळ. तिच्याबरोबर दोघं. रोहन पुण्याचा, एका हातात कायम कॉफी. क्लोई इथलीच, आठवड्यातून तीन दिवस येते. चौथा मी. मला कोणी कामावर ठेवलेलं नाही. हीटर तिथे आहे म्हणून मी तिथे.

मेघनाने घरात स्पष्ट सांगितलं होतं, "एक वर्ष बघते. जून संपेपर्यंत एक मोठं काम मिळालं तर स्टुडिओ चालू. नाहीतर कॅनबेराची नोकरी." ती नोकरी म्हणजे सोमवार ते शुक्रवार तिकडच्या गुंगालिन उपनगरात एक खोली, आणि घर फक्त शनिवार-रविवार. त्या नोकरीचं पत्र तिने फ्रिजच्या दाराला मॅग्नेटने लावून ठेवलं होतं. दूध काढताना रोज दिसायचं.

* * *

मे महिन्यात ते मोठं काम दारात आलं. वेस्टमीडला, मोठ्या हॉस्पिटलच्या पलीकडे, म्हाताऱ्या माणसांचं एक निवासगृह आहे. नाव सांगत नाही. तिथे आपल्याकडची माणसं बरीच. मॅनेजरबाईंचं नाव हेदर. त्यांना प्रत्येक खोलीच्या दारावर नावाची पाटी हवी होती, इंग्रजीत आणि त्या माणसाच्या लिपीत. त्या म्हणाल्या, विसरायला लागलेल्या माणसाचं शिकलेलं इंग्रजी आधी जातं. आईची भाषा शेवटपर्यंत राहते.

म्हणजे दोन फाँट निवडायचे. एक इंग्रजी, एक आपला देवनागरी. बाकीच्या लिप्या नंतर. आणि दोघांनी शेजारी शेजारी नांदायला पाहिजे. याला मेघना पेअरिंग म्हणते.

रोहनने स्क्रीनवर चाळीस फाँट काढले. सगळ्यांची नावं परदेशी. माझ्या लक्षात राहीनात. मग मी माझी नावं ठेवली. एक ताठ, सरळ, कुठे मुरड नाही. तो पोस्टमास्तर. एक जाड मानेचा, तो पैलवान. एक काटकुळा, तो उपाशी. एकाच्या प्रत्येक अक्षराला शेपटी. तो वरातीतला मामा.

पहिले दोन दिवस रोहन हसला. आठवड्याने क्लोईसुद्धा विचारायला लागली, "पोस्टमास्टर विथ पेलवान, ट्राय करू या?" पुढे फायलीसुद्धा त्याच नावांनी सेव्ह व्हायला लागल्या.

एका शुक्रवारी रोहनने घाईत सगळे नमुने हेदरबाईंना ईमेल केले. संध्याकाळी मेघनाने पाठवलेलं बघितलं आणि किंचाळली, "रोहन! क्लायंटला 'उपाशी फायनल टू' पाठवलंस?"

"नाव बदलायचं राहिलं गं."

"आणि 'मामा रिजेक्टेड'?"

"तो चुकून अटॅच झाला."

शनिवार-रविवार मेघनाने मोबाइल हातातून खाली ठेवला नाही. सोमवारी हेदरबाईंचं उत्तर आलं. फक्त दोन ओळी. "बाकीच्यांना मी ओळखत नाही. पण पोस्टमास्तर आवडला. हा माणूस पत्र नक्की पोचवेल!"

इंग्रजीचा फाँट ठरला.

* * *

मग आम्ही तिथे जाऊन बघून आलो. मेघना मला नेत नव्हती. मी गाडीत जाऊन बसलो.

तिथे मालतीबाई भेटल्या. वय शहाऐंशी. नगरकडच्या शाळेत बाई होत्या. आता बरंच विसरतात. त्यांची खोली नऊ नंबरची. पण त्या रोज सहा नंबरमध्ये शिरायच्या. तिथे कोस्टा नावाचे नव्वदीचे ग्रीक गृहस्थ राहतात. मालतीबाई आत जाऊन त्यांचं कपाट उघडायच्या, कपड्यांच्या घड्या घालायच्या, आणि बूट घालून पलंगावर पडलेत म्हणून त्यांना मराठीतून झापायच्या. मग त्यांच्याच पलंगावर झोपून जायच्या. कोस्टासाहेब खुर्चीत.

मेघनाने कोस्टासाहेबांना विचारलं, "तुम्हाला त्रास होत असेल ना?"

ते म्हणाले, "पन्नास वर्षं संसार केला. मला सवय आहे."

तक्रार त्यांची नव्हतीच. त्यांच्या मुलीची होती, तीही लेखी.

हेदरबाईंनी तिथेच, कॉरिडॉरमध्ये उभ्या उभ्या अट घातली. "आधी सहा दारांवर नमुन्याच्या पाट्या लावा. दोन आठवडे बघू. सुंदर आहेत का ते मला विचारू नका. मालती आपल्या पलंगावर झोपली, तर सगळी बिल्डिंग तुमची."

परत येताना गाडीत रोहन म्हणाला, "कॉलेजात चार वर्षं टायपोग्राफी शिकलो. असा ब्रीफ कधी आला नव्हता."

* * *

आता आपला फाँट निवडायचा होता. त्यात फार वाद झाले. मेघनाचं म्हणणं, अक्षराला स्वभाव असतो. "आप्पा, दवाखान्याचं अक्षर वेगळं, लग्नपत्रिकेचं वेगळं. जागा बघून अक्षर निवडायला पाहिजे."

मी म्हटलं, "अक्षर वाचता आलं पाहिजे. बाकी सगळे लाड."

"असं कसं?"

मग मी तिला सांगितलं. कऱ्हाडात एकाच आठवड्यात दोन कामं आली होती. एक दत्तमंदिराच्या कमानीचं, एक देशी दारूच्या दुकानाचं. मला वेळ नव्हता. दोन्हीकडे एकच अक्षर, एकच लाल रंग, एकच जाडी. दोन्ही मालक खूश. कुठेही गर्दी कमी झाली नाही.

मेघना म्हणाली, "आप्पा, दोन्हीकडे माणसंही तीच असतील."

ही बाजी तिची. सुनेपुढे असं क्वचित होतं. लिहून ठेवतो.

* * *

बोर्ड तपासायची माझी एक रीत आहे. रस्ता ओलांडायचा, पलीकडे उभं राहायचं, डोळे अर्धे मिटायचे. वाचता आलं तर अक्षर चांगलं. आमच्या वस्तादांनी हेच शिकवलं.

मी रोहनकडून पाच नमुने कागदावर मोठे छापून घेतले, गॅरेजच्या शटरला चिकटवले आणि समोरच्या फुटपाथवर जाऊन उभा राहिलो. डोळे अर्धे मिटले. मान तिरकी केली. दोन पावलं मागे. पुन्हा डोळे मिटले.

समोरच्या घरातून ग्रॅहम बाहेर आला. माझ्याच वयाचा. तीन वर्षांत आमचं बोलणं हात हलवण्यापलीकडे गेलं नव्हतं.

"यू राइट, मेट?" त्याने विचारलं.

इथे हे असं विचारतात म्हणजे, तू इथे करतोयस काय. मी शटरकडे बोट दाखवलं. माझं इंग्रजी जेमतेम. "यू सी? विच गुड?"

ग्रॅहमने चष्मा काढला, पुसला, परत घातला. एका डोळ्यात त्याला मोतीबिंदू. बराच वेळ बघून म्हणाला, "तीन नंबरचा ठळक दिसतोय. बाकीचे धुकं. पण एक सांग, तुमची सगळी अक्षरं दोरीवर वाळत घातल्यासारखी का?"

मी त्याच्याकडे बघत राहिलो. चाळीस वर्षं मी आधी वरची रेघ मारली आणि मग खाली अक्षरं लटकवली. हे मला कधी सुचलं नाही. त्यांची अक्षरं जमिनीवर उभी राहतात, फळीवर बाटल्या ठेवाव्यात तशी. आपली वरून लोंबतात. दोन फाँट जुळवायचे म्हणजे दोरीवरचं धुणं आणि फळीवरच्या बाटल्या एका ओळीत आणायच्या.

मी गॅरेजमध्ये जाऊन हे सांगितलं. क्लोईने लगेच वहीत लिहून घेतलं. मेघना म्हणाली, "हे युनिव्हर्सिटीत शिकवायला एक सेमिस्टर घेतात!"

ग्रॅहमला काही कळलं नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी तो खुर्ची टाकून फुटपाथवर बसला. "आज काय वाचायचंय?"

* * *

तिथूनच पुढचं भांडण निघालं.

रोहनने स्क्रीनवर एका ओळीत इंग्रजी आणि मराठी नाव बसवलं. मी लांबून बघितलं. "रोहन, रेघ उजवीकडे उतरलीय."

"आप्पा, नाही. कॉम्प्युटरवर आहे. झिरो पॉइंट झिरो."

"उतरलीय."

"आप्पा, कॉम्प्युटर चुकत नाही."

माझ्या खिशात दोरी असते, अजूनही. ती निळीच्या पुडीत फिरवली. मुलाच्या टूलबॉक्समधली बुडबुड्याची लेव्हल घेतली. एक टोक क्लोईच्या हातात दिलं, एक माझ्या हातात धरलं. लेव्हल लावून दोरी ताणली आणि रोहनच्या नव्या मॉनिटरवर सटकन मारली.

काचेवर निळी रेघ उठली. रोहनच्या शर्टवरही थोडी.

"आप्पाऽऽ! परवाच घेतलाय हा!"

"बघ."

सगळ्यांनी बघितलं. निळी रेघ एकीकडे, नावाची रेघ दुसरीकडे. उजवीकडे चांगलं तांदळाभर अंतर. रोहनचा चेहरा पडला. त्याने आकडे तपासले. आकडे बरोबर. मॉनिटर तपासला. मॉनिटर टेबलाला बरोबर. शेवटी क्लोईने लेव्हल उचलली आणि जमिनीवर ठेवली.

बुडबुडा पळाला एका टोकाला.

आत शिरलेलं पावसाचं पाणी बाहेर जावं म्हणून गॅरेजच्या फरशीला उतार देतात. वर्षभर ही मंडळी उतारावर बसून काम करत होती. रोहन अजून म्हणतो कॉम्प्युटर बरोबर होता. मी म्हणतो दोरी बरोबर होती. मेघनाने टेबलाच्या पायाखाली पुठ्ठा घातला आणि म्हणाली, "आता दोघेही कामाला लागा."

* * *

शेवटी मेघनाने आपला फाँट निवडला. ग्रॅहमचा तीन नंबर नव्हे. एक नवाच. बारीक, गोल, सगळं नीटनेटकं, कुठे आवाज नाही. मी त्याचं नाव ठेवलं, नवी सून.

मेघनाने विचारलं, "म्हणजे मी?"

"तू कधीच नव्हतीस."

ती हसली. सहा पाट्या तयार झाल्या. पोस्टमास्तर आणि नवी सून. खरं सांगतो, दिसायला फार छान होत्या. हे मी तिला म्हटलं नाही.

पाच म्हाताऱ्यांनी पाच दारं आठवड्यात ओळखली. हिंदी वाचणारे एक सरदारजी तर दिवसातून चार वेळा बाहेर येऊन आपलं नाव वाचायचे आणि आत जायचे. सगळे खूश.

सहाव्या मालतीबाई.

दुसऱ्या आठवड्यात आम्ही मुद्दाम तिथे गेलो. मालतीबाई वॉकर ढकलत आल्या. नऊ नंबरच्या दारापाशी थांबल्या. मेघनाने माझा दंड घट्ट धरला. मालतीबाईंनी पाटी वाचली, शाळेत वाचून दाखवतात तशी, स्वच्छ, मोठ्याने. "मालती जोगळेकर."

मग आमच्याकडे वळून म्हणाल्या, "कोण हो या? मोठ्या घरच्या दिसतात. कशाला उगाच त्रास द्यायचा?"

आणि गेल्या सहा नंबरमध्ये. आतून आवाज आला, "बूट काढा आधी!"

हेदरबाई चांगल्या आहेत. मेघनाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "पाच जणांना जमलं, हे काही थोडं नाही. पण मी मालतीचं म्हटलं होतं. शुक्रवारपर्यंत बघू या."

घरी आल्यावर मी दूध काढायला गेलो. फ्रिजवर पत्र नव्हतं. नुसता मॅग्नेट होता. पत्र मेघनाच्या पर्समध्ये गेलं होतं, सहीसाठी.

* * *

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रॅहमला म्हटलं, "कार. शॉप. पेंट." तो लगेच निघाला.

हार्डवेअरचं दुकान म्हणजे आपल्या एसटी स्टँडएवढं. पत्रा मिळाला. लाल आणि काळा इनॅमल मिळाला. ब्रश मिळेना. होते ते सगळे भिंती रंगवायचे. अक्षराला खारीच्या केसांचा ब्रश लागतो. त्याशिवाय टोक धरत नाही. मी दुकानातल्या पोराला सांगायला लागलो. त्याला कळेना. मी हाताने शेपटी करून दाखवली, खार झाडावर कशी चढते ते दाखवलं. ग्रॅहमला उलगडलं. तो म्हणाला, "स्क्विरल! ही वॉन्ट्स स्क्विरल हेअर!"

पोरगा गंभीर झाला. म्हणाला, "सॉरी मेट, ऑस्ट्रेलियात खारी नसतात." थोडं थांबून त्याने विचारलं, "पॉसम चालेल?" पॉसम म्हणजे इथलं झाडावरचं, मांजराएवढं, शेपटीवालं जनावर.

ब्रशाविना परत आलो. गॅरेजमध्ये ग्रॅहमने सगळी गोष्ट अभिनयासकट सांगितली. क्लोई उठली, आपली पर्स उघडली आणि डोळ्यांना रेघ काढायचा ब्रश माझ्या हातात ठेवला. मी बोटावर टोक तपासलं. खारीहून सरस!

"परत मिळणार नाही," मी म्हटलं.

"नो वरीज, आप्पा."

खडूने रेघ आखली. हात टेकायला खाली काठी घेतली. मालतीबाईंचं नाव जसं येतं तसं लिहिलं. लाल, जाड, भरलेलं अक्षर, उजवीकडून काळी सावली. कोपऱ्यात बारीक सही. बोर्ड खाली उतरवण्याआधी सही करायची, ही माझी सवय आहे.

मेघना मागे येऊन उभी राहिली होती. किती वेळ, ते माहीत नाही.

"आप्पा, दारावरच्या पाटीला सावली देत नाहीत."

"मी देतो."

ती आत गेली आणि पोस्टमास्तर घेऊन आली, पांढऱ्या चिकटपट्टीत कापलेला. रंग वाळायची वाट बघितली. मग इंग्रजी नाव खाली लावायला बसली. एकदा लावलं, काढलं. थोडं खाली लावलं, काढलं. तिसऱ्यांदा आणखी खाली.

"एवढं खाली?" मी विचारलं.

"सावलीला जागा सोडायला पाहिजे ना," ती म्हणाली.

* * *

शुक्रवारी दुपारी साडेतीनला आम्ही पाटी लावली. हेदरबाई, मेघना आणि मी कॉरिडॉरच्या टोकाला, औषधांच्या ट्रॉलीमागे उभे राहिलो. कॅनबेराच्या पत्रावर मेघनाची सही झालेली होती. संध्याकाळी पाचच्या आत पाठवायचं होतं.

मालतीबाई आल्या. वॉकर, हातात कापडी पिशवी. सहा नंबरपाशी आल्या. कोस्टासाहेबांचं दार उघडं होतं, ते आत खुर्चीत बसून वाटच बघत होते. मालतीबाई तिथे थांबल्या. मेघनाने डोळे मिटले.

मालतीबाईंची नजर पुढे गेली. लाल अक्षरावर. त्या सहा नंबर सोडून पुढे निघाल्या. सात. आठ. नऊ नंबरच्या समोर येऊन उभ्या राहिल्या. हेदरबाईंनी माझं मनगट पकडलं.

मालतीबाई दार उघडेनात.

एक मिनिट झालं. दोन झाली. त्या पिशवी सावरून तशाच उभ्या. तेवढ्यात कोस्टासाहेब आपल्या खोलीतून बाहेर आले, आणि कोणाला काही न विचारता त्यांच्या मागे उभे राहिले. सरदारजी आपलं नाव वाचायला आले होते, तेही येऊन मागे उभे राहिले. मग चष्म्याची दोरी गळ्यात घातलेली एक चिनी आजी आली. चार माणसं, तीन वॉकर, भिंतीला धरून एका ओळीत.

हेदरबाईंनी हळूच विचारलं, "हे कशाची वाट बघतायत?"

मेघनाला राहवलं नाही. ती पुढे गेली. "बाई, आत जायचं ना? तुमचीच खोली आहे."

मालतीबाईंनी तिच्याकडे मान वळवून बघितलं, पाटीकडे बोट दाखवलं आणि म्हणाल्या, "बोर्ड दिसतोय ना? दुकान अजून उघडलं नाही. तू मागे जा. मध्ये घुसू नकोस, रांग आहे."

मेघना मागे गेली. चिनी आजीच्या मागे उभी राहिली. हेदरबाई ट्रॉलीमागून निघून तिच्यापाशी आल्या. मेघनाने त्यांच्या कानात अर्थ सांगितला. हेदरबाईंनी एकदा रांगेकडे बघितलं, एकदा पाटीकडे, आणि त्या मेघनाच्या मागे उभ्या राहिल्या. तिथूनच म्हणाल्या, "सोमवारी बाकीची दारं मोजायला या."

मी बागेतून वळसा घातला. प्रत्येक खोलीला मागच्या बाजूने काचेचं दार असतं. तिथून नऊ नंबरमध्ये शिरलो आणि पुढचं दार आतून उघडलं.

मालतीबाईंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"चार वाजून गेले," त्या म्हणाल्या. "किती वेळ उभं राहायचं माणसांनी?"

मी बाजूला झालो. त्या आत आल्या. पिशवी उशाशी ठेवली, पलंगावर बसल्या, पदर सारखा केला. मग दाराकडे बघून मला म्हणाल्या, "हं. आता पुढच्याला सोडा."